सातवीचं वर्ष

मार्च लागला की चिरंजीवांच्या शाळेतून दर शुक्रवारी येणारं मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र एकदम लांबायला लागतं. एरवी त्यात फारसं काही नसतं. हरवलेल्या जॅकेटांचा ढीग येऊन बघा, सकाळी गाड्यांच्या रांगेत मध्येच घुसू नका, वगैरे. पण वसंत आला की स्प्रिंग ब्रेकची सुट्टी, परीक्षांच्या तारखा, धावण्याच्या शर्यती, टोर्नेडोचा सराव, इयरबुकचे पैसे, पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म, आठवीच्या मुलांचा निरोप... आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी दोन ओळी, ‘आपल्या ऑर्केस्ट्राला स्पर्धेसाठी शुभेच्छा.’

पुण्याहून आत्याचाही फोन याच सुमाराला येतो. "काय गं, त्याची परीक्षा कधी? आणि व्हायोलिन काय म्हणतंय?" व्हायोलिन नाही गं आत्या, व्हायोला. व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, आवाज थोडा जाड. गेल्या दोन वर्षांत हे मी निदान दहा वेळा सांगितलंय, आता लिहूनच ठेवते. :-)

तर आत्यासाठी आणि इतर मंडळींसाठी थोडी माहिती. आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे मिडल स्कूल म्हणजे सहावी ते आठवी, अकरा ते चौदा वर्षांची मुलं. मार्चअखेरीला रस्त्याच्या कडेला ब्लूबॉनेटची निळी फुलं येतात आणि समस्त देशी पालक मुलांना त्या फुलांत बसवून फोटो काढतात. तेरा वर्षांचा मुलगा फुलांत बसत नाही. तो गाडीतच बसून राहतो. यावरून मिडल स्कूल म्हणजे काय याची कल्पना यावी.

परीक्षेचं उत्तर: एप्रिलमध्ये. तिचं नाव स्टार. तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यायचीच, असा केंद्राचा कायदा आहे. ती कशी घ्यायची ते राज्याने ठरवायचं. पूर्वी इथे पाचवी आणि आठवीत ती उत्तीर्ण झाल्याशिवाय वरच्या वर्गात जाण्याची पंचाईत असायची. ती अट 2021 मध्ये गेली. 2025 मध्ये विधिमंडळाने ही परीक्षाच मोडीत काढून 2027-28 पासून वर्षातून तीन छोट्या परीक्षा घ्यायचं ठरवलंय. एका मोठ्या परीक्षेपेक्षा तीन छोट्या बऱ्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याकडच्या घटक चाचण्या आठवाव्यात. असो.

दुसरी बातमी फोनची. 2025 च्याच एका कायद्याने टेक्ससच्या सरकारी शाळांत दिवसभर फोन वापरायला बंदी आली. शाळावर्ष 2025-26 पासून लागू. मला वाटलं होतं की मुलं बंड करतील. बंड वगैरे काही झालं नाही. आमचे चिरंजीव आता पत्त्यांचा कॅट घेऊन जातात आणि जेवणाच्या टेबलावर बदाम सात चालतं. त्यात एक कोरियन, एक मेक्सिकन आणि दोन तेलुगू मुलं आहेत, आणि सगळे ‘बदाम’ म्हणतात. आजी, हे श्रेय तुझं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

त्या दोन ओळींतली ऑर्केस्ट्राची स्पर्धा. बॅंड, ऑर्केस्ट्रा, गाण्याचे संघ, सगळ्यांसाठी यूआयएल नावाची संस्था दर वसंतात ती भरवते. आधी रंगमंचावर तयारीचे तुकडे वाजवायचे. जानेवारीपासून घासलेले. समोर तीन परीक्षक. ते झालं की वाद्यं उचलून दुसऱ्या एका खोलीत जायचं. तिथे आणखी तीन परीक्षक आणि प्रत्येकाच्या स्टॅंडवर एक पालथं ठेवलेलं पान. जे संगीत कुणीही कधी पाहिलेलं नाही ते.

मी पालक-स्वयंसेवक म्हणून बसमधून गेले होते. माझं काम डबल बेस उचलणं आणि मुलं मोजणं. त्या खोलीत काही मी गेले नाही, त्यामुळे पुढचं सगळं चिरंजीवांनी, तेही दोन दिवसांनी आणि भेंडीची भाजी खाताना, सांगितलेलं. पान उलटा म्हणतात. मग सरांना मोजकी काही मिनिटं मिळतात. पट्टी कुठली, मात्रा किती, पट्टी मध्येच कुठे बदलते, कुठली जागा फसवी आहे, ते सर घाईघाईने सांगतात. मुलांनी वाजवायचं नाही. बोटं तारांवर नुसती फिरवायची, गज हवेत चालवायचा. म्हणजे पन्नास मुलं बसलीयत, पन्नास गज हलतायत आणि आवाज शून्य. वेळ संपली की वाजवायचं, एकदाच. चुकलं तर थांबून पहिल्यापासून, असं नाही.

हा मध्यावर हरवला. पट्टी बदलली तिथे याचं एक बोट जुन्याच जागी पडलं, ते सावरेपर्यंत ओळ पुढे निघून गेली आणि आपण कुठे आहोत तेच कळेना. मग याने काय केलं? गज तारेपासून उचलला आणि ऐकत बसला. सरांनी सांगितलं होतं की पानावर ‘सी’ अक्षर आहे तिथे मुख्य सुरावट चेलोंकडे जाते. चेलो निघाल्याचं ऐकू आलं, याने ‘सी’ शोधलं आणि तिथून परत धरलं. शेजारच्या मुलीने नजर पानावरून न हलवता डोकं हलवलं म्हणे. म्हणजे बरोबर आहेस की काय रे हे, ते त्याला अजून नक्की माहीत नाही.

रंगमंचावर पहिली श्रेणी मिळाली, त्या खोलीत दुसरी. दोन्हीकडे पहिली मिळाली असती तर मोठी ढाल मिळाली असती. सर बसमध्ये गप्प होते. मुलं पिझ्झ्याबद्दल बोलत होती.

या स्पर्धेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की तिच्यात कुणाचा नंबर नसतो. श्रेणी असतात, एक ते पाच. त्या दिवशी वीस शाळा आल्या आणि वीसही चांगलं वाजवून गेल्या तर वीसांना पहिली श्रेणी मिळू शकते. शेजारच्या शाळेचं वाईट झाल्याने आपलं चांगलं होत नाही. आणि श्रेणी मिळते ती सगळ्यांना मिळून. माझ्या मुलाला किती, तिच्या मुलीला किती, हा प्रश्नच नाही. हरवलेला व्हायोला आणि न हरवलेला चेलो, दोघांच्या नावावर तीच दुसरी श्रेणी. आमच्या घरी या मुलाचं नाव ज्या ज्या कागदावर येतं, त्यातला हा एकच कागद असा आहे.

बाकीचे कागद कसे आहेत ते सांगते, कारण खरा वाद तिथे आहे.

टेक्ससमध्ये 1997 साली एक कायदा झाला. आपापल्या हायस्कूलमध्ये जी मुलं वरच्या दहा टक्क्यांत असतील त्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. हेतू चांगला होता. त्याच्या आदल्याच वर्षी प्रवेशात वंश विचारात घेण्यावर न्यायालयाने बंदी घातली होती. तेव्हा गरीब वस्तीतल्या, लांबच्या खेड्यातल्या शाळांमधली हुशार मुलंही विद्यापीठात यावीत, म्हणून ही वाट काढली. पण ऑस्टिनच्या विद्यापीठावर इतकी झुंबड उडाली की त्यांना पुढे वेगळी सवलत मिळाली. तिथे दहाचे सात झाले, साताचे सहा झाले आणि 2026 च्या प्रवेशापासून पाच. आमच्यासारख्या उपनगरात एकेका हायस्कूलच्या वर्गात हजार-हजार मुलं असतात. म्हणजे पहिली पन्नास. एक्कावन्नावा आला तर बाकीच्या अर्जांच्या ढिगात. आणि पन्नासात आला तरी विद्यापीठात प्रवेश नक्की, कॉम्प्युटर सायन्समध्ये नाही.

आता हा नंबर कशावर लागतो? नववीपासूनच्या गुणांच्या सरासरीवर. बऱ्याच ठिकाणी ती सरासरी वजनदार असते. एपीसारख्या अवघड विषयात ‘ए’ मिळाला तर पाच धरतात, साध्या विषयात ‘ए’ला चार. ऑर्केस्ट्रा हा साधा विषय. म्हणजे मुलाने चार वर्षं जीव ओतून वाजवलं, दर वेळी ‘ए’ मिळवला, तरी ते चार बाकीच्या पाचांना खाली ओढतात. काही डिस्ट्रिक्टनी यावर तोड काढलीय, कलाविषय सरासरीत धरायचा की नाही ते मुलांवर सोडलंय. सगळ्यांनी नाही.

आणि म्हणून मिडल स्कूलचा तो फॉर्म. कायद्याने सहावी ते आठवीत मिळून एक कलाविषय पुरेसा असतो, तो सहावीतच उरकतो. गणिताचं तर आता विचारावंही लागत नाही. 2023 च्या कायद्याप्रमाणे पाचवीच्या गणिताच्या परीक्षेत वरच्या चाळीस टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत आपोआप पुढच्या गणितात घालतात, नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. (हा कायदा मला पटतो. पूर्वी शिक्षकांनी नाव सुचवलं किंवा पालकांनी धोशा लावला तरच मूल तिथे जायचं. ज्यांचे आईवडील धोशा लावणारे नाहीत त्यांचं काय?) मग आठवीत हायस्कूलचं अल्जिब्रा. उरतो एक मोकळा तास. तिथे ऑर्केस्ट्रा घ्यायचा, की हायस्कूलचं क्रेडिट देणारा आणखी एक विषय उरकून टाकायचा, म्हणजे हायस्कूलमध्ये त्या जागी एक जास्तीचा एपी बसेल?

पाडव्याच्या कार्यक्रमात बटाटेवड्याच्या रांगेत हाच विषय होता. आमच्या ओळखीच्या पाच घरांपैकी चार घरांनी यंदा तो तास बदलला. दोन व्हायोलिनं, एक क्लॅरिनेट, एक ट्रंपेट गेलं. पाचवं घर आमचं. "अगं, सहावीत घेतलं ना, झालं की. हौस भागली. वाजवायचं तर घरी वाजवेल, क्लास लावू. शाळेचा तास कशाला घालवायचा?" हे मला एका मैत्रिणीने अगदी कळकळीने सांगितलं. ती मूर्ख नाही आणि दुष्ट तर मुळीच नाही. त्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत ते आलं नाही तर त्याला आईवडिलांच्या व्हिसावर राहता येणार नाही, स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल. अशा घरात आठवीतल्या एका तासाचा हिशोब होतो त्याला कारण आहे. मला तो हिशोब कळतो. इथे राहून पोटात तो गोळा कधी आलाच नाही असं म्हणणारं मराठी घर मला तरी माहीत नाही.

तरीही मला तो चुकीचा वाटतो.

एक तर तो कुठे थांबत नाही. आमच्या वेळी चौथी आणि सातवीला स्कॉलरशिप असायची. सातवी आली की वर्गातल्या मुलींची पेटी बंद, नाच बंद, चित्रकलेचा क्लास बंद. ‘वर्ष आहे ना तिचं.’ मग दहावीचं वर्ष, मग बारावीचं वर्ष, मग इंजिनिअरिंगचं शेवटचं. तेव्हा बंद झालेल्या पेट्यांपैकी परत उघडलेली एकही मला आठवत नाही. इथे आल्यावर आपण ‘वर्ष’ हा शब्द वापरत नाही, ‘ट्रॅक’ म्हणतो. आठवीचं क्रेडिट मिळालं की नववीत आणखी एक मोकळी जागा होते, आणि मोकळी जागा दिसली की आपल्याला राहवत नाही.

दुसरं, ‘घरी वाजवेल’ हे खरं नाही. घरी वाजवेल, पण एकटा. व्हायोला एकट्याने वाजवून बघा. चिरंजीवांच्या वाट्याला बहुतेक वेळा मधले सूर असतात. चाळीस मोजून तीन सूर, परत सोळा मोजून तेच तीन. खोलीत दार लावून तो ते वाजवतो तेव्हा कुणीतरी एकाच बाजूने फोनवर बोलतंय असं वाटतं. ते ज्याचं उत्तर आहे ते शाळेत आहे, त्या तासाला, त्या खोलीत. क्लासच्या बाई त्याला बोटं शिकवतील, गज शिकवतील. हरवल्यावर पन्नास जणांमध्ये गप्प बसून चेलो कुठे आहेत ते ऐकायला कुठल्या क्लासमध्ये शिकवतात?

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, हे तू उगाच मोठं करतेयस, फुटबॉलमध्येही हेच शिकतात. असेलही. पण फुटबॉलमध्ये बाकावर बसवतात. ऑर्केस्ट्रात सगळी मुलं एकदम वाजवतात, कच्चीही आणि पक्कीही.

सगळी असं म्हणताना मला एक मुलगा आठवतो, आणि इथे शाळांच्या बाजूने बोलणं मला जड जातं. टेक्ससमध्ये 1984 पासून एक नियम आहे, त्याला सगळे ‘नो पास, नो प्ले’ म्हणतात. कुठल्याही एका विषयात सत्तरच्या खाली गेलात की निदान तीन आठवडे खेळ, स्पर्धा, सगळं बंद. सरावाला बसता येतं, स्पर्धेला जाता येत नाही. आमच्या बसमध्ये चेलोचा एक मुलगा नव्हता. विज्ञानात अडुसष्ट. तीन महिने रोज वाजवलेलं, आणि त्या दिवशी तो वर्गात बसून कसलीशी वर्कशीट भरत होता. मी मुलं मोजत होते म्हणून मला कळलं, नाहीतर कळलंही नसतं. आता गंमत पहा. नापास झालेला विषय ऑनर्स किंवा एपी पातळीचा असेल तर या नियमातून सूट मिळू शकते. म्हणजे वरच्या वर्गात बसून सत्तरच्या खाली गेलेला मुलगा बसमध्ये असू शकतो, साध्या वर्गात खाली गेलेला नाही. अभ्यासाला शिस्त लागावी म्हणून केलेला नियम असेल, पण ज्या मुलाला शाळेत यावंसं वाटायला तो एकच तास होता, नेमका तोच तास त्याच्याकडून काढून घ्यायचा यात कसली शिस्त? आणि वरच्या पाच टक्क्यांसाठी आम्ही स्वतःच्या मुलांकडून तोच तास आपल्या हाताने काढून घेतो.

चार वाद्यं गेली की मागे राहिलेल्यांचं काय होतं, हाही प्रश्न आहे. व्हायोलिनं पुष्कळ असतात, दोन गेली तर चालून जातं. व्हायोला एकूण पाच. बरं, किती शिक्षक ठेवायचे, किती वर्ग ठेवायचे, हे मुलांच्या आकड्यावर ठरतं. फॉर्म भरताना आपण आपल्या मुलापुरता विचार करतो, पण त्या खोलीतली श्रेणी जशी सगळ्यांची मिळून असते तसा तो वर्गही असतो. हे मी रांगेत बोलले नाही. वडे गार होत होते.

चिरंजीवांचं मत विचारलं का? विचारलं. त्याने खांदे उडवले. तेरा वर्षांच्या मुलाचं मत असंच दिसतं. मग दोन दिवसांनी, फॉर्म बदलायची मुदत संपायच्या आदल्या रात्री, दात घासता घासता म्हणाला, "आई, एट्थमध्ये व्हायोला मी सोडला तर सर चारच उरतील." सर नव्हे, व्हायोला चार उरतील. तोंडात फेस होता.

फॉर्म बदलला नाही. नवरा म्हणाला, आठवीचं ठीक आहे, नववीचं नववीत बघू. ते तो बघेलच, आणि मीही.

कॉन्सर्ट मे महिन्याच्या मध्यावर आहे, संध्याकाळी सात वाजता, शाळेच्या कॅफेटेरियात. आई, तू तोवर इथे असशील. काळी पॅंट आहे, पांढरा शर्ट आखूड झालाय. येताना तिकडून कोणी शर्ट आणू नका, इथे घेऊ. आणि तो मागून दुसऱ्या रांगेत बसतो, डावीकडे बघू नका, तिकडे व्हायोलिनं असतात.